धरलेली जागा

आमच्या फ्रिजवर चौकटींचा एक कागद चिकटवलेला आहे. रोज सकाळी चहाच्या आधी आमचे हे त्याच्यासमोर उभे राहतात, डावा डोळा तळहाताने झाकतात आणि उजव्याने मधल्या काळ्या ठिपक्याकडे बघतात. मी चहा गाळता गाळता विचारते, "सरळ?" ते म्हणतात, "सरळ." रेषा वाकड्या दिसायला लागल्या की समजायचं, डोळ्याच्या पडद्यामागे पुन्हा पाणी साठतंय. ते साठू नये म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. हो, डोळ्यातच. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, ह्यांच्या येत नाही. मी मात्र दर वेळी दवाखान्याच्या बाहेरच्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसते.

इंजेक्शन देणारे डॉक्टर एडमंटनला, आणि आम्ही अल्बर्टाच्या पार वर, कागद गिरणीच्या गावात. हे गिरणीत इंजिनिअर म्हणून आले. थोडे दिवस राहू, मग बघू, असं म्हणत आले आणि इथलेच झाले. मी गावातल्या छोट्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. रिटायर झालो तरी हललो नाही. एडमंटनला गाडीने जायचं म्हणजे दिवस मोडतो. विंटर टायर लावा नाहीतर आणखी काही करा, जानेवारीत त्या रस्त्यावर काळा बर्फ, लाकडांचे लांबलचक ट्रक आणि मधूनच ढिम्म उभा राहिलेला मूस, म्हणजे इथलं घोड्याहून थोराड सांबर. हे गाडी चालवू शकत नाहीत, आणि मी सत्तरी ओलांडली आहे. विमानाने मात्र सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परत येता येतं, वरणभाताला.

मागच्या हिवाळ्यात एकदा वादळामुळे विमान आलंच नाही. पुढची अपॉइंटमेंट लांबली. तेवढ्यात ह्यांच्या डाव्या डोळ्यातला मधला भाग गेला तो गेलाच. आता त्या डोळ्याने त्यांना माझा चेहरा दिसत नाही, फक्त कान दिसतात. "कान छान आहेत हं तुझे, इतकी वर्षं लक्षच गेलं नव्हतं," असं म्हणतात आणि स्वतःच हसतात. मी हसत नाही. एक डोळा गेला, एक राहिला आहे, आणि तो त्या विमानावर अवलंबून आहे.

आणि ऑक्टोबरात गावभर झालं की विमान बंद होणार.

विमान कंपनी आमच्या गावाला एकच छोटं विमान पाठवते. आत वाकून शिरावं लागतं, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच सीट, त्यामुळे प्रत्येकाला खिडकी. को-पायलटच सामान चढवते, तीच पट्टे तपासते, आणि माणसं कमी असली की "जरा मागे बसता का, वजन सारखं करायचंय," असंही तीच सांगते. इतकी वर्षं त्या विमानाने आम्हाला नेलं, आणलं. आता म्हणे परवडत नाही.

मुलाला व्हँकुव्हरला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं. "आई, इट्स जस्ट इकॉनॉमिक्स. तू तर शिकवायचीस. तुम्ही इकडे या ना. बेसमेंट रेडी आहे, सेपरेट एन्ट्रन्स, स्वतःची वॉशरूम."

"बेसमेंटमध्ये बटाटे ठेवतात," मी म्हटलं.

"आई, डोंट बी ड्रॅमॅटिक."

"मी काय शिकवायचे ते तुला ठाऊक आहे का? की नुसतं ऐकून आहेस?"

त्याने विषय बदलून हवामान विचारलं. मला मात्र तिडीक गेली ती गेलीच. कारण मी नेमकं हेच शिकवायचे. दर वर्षी एक धडा असायचा, मुलं जांभया द्यायची, मी तरी शिकवायचे. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत विमान कंपनीने कुठून कुठे उडायचं आणि भाडं किती घ्यायचं, हे सरकारचं एक मंडळ ठरवायचं. मोठ्या शहरांचा गडगंज मार्ग हवाय? घ्या. पण त्याबरोबर वाटेवरची ही चार बारकी गावंही घ्या. पानात जिलबी हवी तर कारलंही वाढून घ्यायचं, असा तो कारभार. त्यात उधळपट्टीही होती. भाडी चढी होती, साध्या माणसाला विमान म्हणजे चैन होती, आणि भाड्यात स्पर्धा करता येत नाही म्हणून कंपन्या जेवणात स्पर्धा करायच्या. पुढे ते मंडळ गुंडाळलं, भाडी उतरली, माणसं भराभर उडायला लागली. हेही मी सांगायचे, लपवायचे नाही. कॅनडानेही थोड्या उशिराने तोच रस्ता धरला. पुस्तकात धडा तिथेच संपायचा, सगळं कसं छान झालं म्हणून. माझं पुस्तकाशी तिथे बिनसायचं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, "कारल्याचं काय झालं?" पोरं दचकून जागी व्हायची.

तर आता कारल्याची पाळी आली होती.

कायदा असा आहे की सेवा बंद करायच्या आधी कंपनीने गावाला आगाऊ कळवायचं आणि गावाशी बोलायचं. फक्त बोलायचं. गावाने नाही म्हटलं तर थांबायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही. तरी सभा ठरली, हॉकी रिंकच्या वरच्या हॉलमध्ये, मंगळवारी सकाळी अकराला. अकराला का? तर कंपनीची माणसं स्वतःच्याच विमानाने सकाळी येणार आणि दुपारच्या फेरीने परत जाणार. त्या वेळी गिरणीची शिफ्ट चालू, शाळा चालू, दुकानं चालू. गावातलं कोण येणार? आम्ही म्हातारे.

मी लवकर गेले. ह्यांना मागून पडदा दिसत नाही म्हणून पुढच्या रांगेत जागा हवी होती. मग मी काय केलं, तर आपल्याकडे करतो तेच केलं. पर्समधून रुमाल काढले, एक ह्यांच्या खुर्चीवर, एक माझ्या, आणि शेजारणीसाठी माझा स्कार्फ. शेजारीण म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी विधवा बाई. आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ ती शोव्हल करते आणि मी तिला पोळ्या देते, असा आमचा जुना व्यवहार आहे. जागा धरल्या आणि मी ह्यांना आणायला खाली पार्किंगमध्ये गेले. बर्फावरून त्यांचा हात धरून, एकेक पाऊल टाकत वर येईपर्यंत वेळ गेला. बघते तर पुढच्या रांगेत कोटवाली माणसं. माझे रुमाल गायब.

"माझे रुमाल कुठायत?" मी हॉल सांभाळणाऱ्या बाईला विचारलं.

"ओह, ते तुमचे होते का? मी लॉस्ट अँड फाउंडमध्ये ठेवलेत." बिचारीने नीट घडी घालून एका खोक्यात, कुणाच्या तरी एकट्या मोज्याशेजारी ठेवले होते.

अहो, हसू नका. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कॉलेजात असताना मी एसटीने घरी जायचे. गाडी स्टँडवर शिरली रे शिरली की खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा तुमची. मागून कितीही दांडगा माणूस चढू दे, तो रुमाल उचलून बसत नाही. कुरकुर करेल, तोंड वाकडं करेल, पण बसणार नाही. इतकी वर्षं कॅनडात राहून माझ्या डोक्यात आलंच नाही की इथे रुमाल म्हणजे कुणाचा तरी पडलेला रुमाल.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. कंपनीचा मॅनेजर बोलायला उभा राहिला. चंदीगडकडचा, आमच्या मुलाएवढा, कोट चापूनचोपून बसवलेला. त्याने पडद्यावर दोन खांब दाखवले. हिरवा म्हणजे भरलेल्या सीट, तांबडा म्हणजे रिकाम्या. तांबडा उंच.

"काय लिहिलंय गं?" ह्यांनी विचारलं. त्यांना तांबडं-हिरवं काहीतरी धूसर दिसत होतं, बस.

"रिकाम्या सीटा लिहिल्यात," मी मराठीतून सांगितलं, मुद्दाम मोठ्याने. सगळे वळून बघायला लागले. बघू देत.

"मॅम, प्रश्न शेवटी घेऊ," मॅनेजर म्हणाला.

"शेवटी तुमचं विमान सुटेल," मी म्हटलं आणि उभी राहिले. "मागच्या फेब्रुवारीत तुमच्या त्या तांबड्या खांबात आमच्या दोन सीटा आहेत. ह्यांना न्यूमोनिया झाला होता म्हणून गेलो नाही. म्हणून त्या रिकाम्या? तुमच्या घरी पाहुणा एक रात्र आला नाही तर तुम्ही पलंग विकता का?"

लोक हसले. तो हसला नाही, पण ओशाळला. सभा संपल्यावर कॉफीच्या टेबलापाशी तो माझ्याजवळ आला आणि हळूच हिंदीत म्हणाला, "आंटीजी, आप बुरा मत मानिए. कानून में हमें बस बात करनी है. हो गई बात."

"आंटी म्हणू नकोस," मी मराठीतच म्हटलं. त्याला कळलं की नाही कोण जाणे. चेहऱ्यावरून कळलं असावं.

घरी येताना हे गाडीत म्हणाले, "सोड गं. जाऊ व्हँकुव्हरला. तिथे डॉक्टर आहेत, बर्फ नाही. काय अडलंय?"

मला रडूच आलं. इतका वेळ आलं नव्हतं, तेव्हा आलं. हे स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत, आणि हे घर सोडायचं म्हटल्यावर त्यांचा आवाज कसा बारीक झाला होता ते मला ऐकू आलं. मागच्या अंगणात त्यांनी लावलेली सफरचंदाची झाडं आहेत, त्या थंडीत जगवलेली. त्यांना आता बारीक फांदी नीट दिसत नाही, हाताने चाचपून छाटतात. दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये ते काय चाचपणार?

"जायचं नाही," मी म्हटलं. "आपण कुठेही जायचं नाही. कळलं?"

"बरं बाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तडक गावच्या नगराध्यक्षीण बाईंकडे गेले. ती संध्याकाळी मुलांना हॉकी शिकवते, आवाज खणखणीत आहे. मी तिला म्हटलं, "गावाशी बोलणं म्हणजे काय? सकाळी अकराला मोकळे असलेल्या म्हाताऱ्यांशी बोलणं? गाव तर तेव्हा कामावर होतं." तिला ते पटलं. तिने कंपनीला कळवलं की आमचं गाव अजून यायचंय, तुमची चर्चा पुरी झालेली नाही. कंपनीने कुरकुरत दुसरी तारीख दिली. आणि वेळ? पुन्हा अकराची. त्यांचं विमान तेव्हाच असतं ना!

आता मात्र मी हट्टालाच पेटले. गाव येऊ शकत नाही ना? ठीक आहे. गावाचा रुमाल येईल.

मी आणि शेजारीण, आम्ही दोघी ग्रोसरीच्या दारात उभ्या राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगत होते, "सभेला येता येणार नाही ना? मग तुमची एक वस्तू द्या. अशी द्या की ती घ्यायला तुम्हाला परत यावं लागेल." आणि मग एसटीचं सगळं रामायण सांगायचे, खिडकी, रुमाल, दांडगा माणूस. पहिल्यांदा लोक माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की म्हातारीचं काहीतरी सटकलंय. शेजारीण त्यांना समजवायची, "शी इज सीरियस. जस्ट गिव्ह हर युअर टोक." टोक म्हणजे इथली लोकरीची टोपी. गिरणीचा फोरमन मोठ्याने हसला आणि डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "शिफ्टच्या आधी परत पाहिजे हां." एका बाईने लेकराचा गुलाबी हातमोजा दिला, एकच. "दुसरा त्याच्या हातात आहे, त्यामुळे नक्की परत नेणार," म्हणाली.

सभेच्या दिवशी आम्ही पहाटेच हॉलवर पोचलो. हॉल सांभाळणाऱ्या बाईला मी आधीच बजावलं, "हे काहीही लॉस्ट नाही." ती म्हणाली, "आय नो, आय नो," आणि गळ्यातली किल्ल्यांची लांब पट्टी काढून एका खुर्चीवर ठेवली. आम्ही प्रत्येक खुर्चीवर काही ना काही ठेवलं. टोप्या, मफलर, मासे धरायला जाताना घालायची हॅट, रबरी बूट, कुणाचा चष्म्याचा डबा. पुढच्या रांगेत मधोमध ह्यांचा रुमाल, निळ्या काठाचा. ह्यांना मात्र मी त्यांच्या खुर्चीवर बसवलं नाही. भिंतीजवळ स्टूल दिलं. "अगं, माझी जागा तिथे आहे ना?" ते म्हणाले. "आज तिथे रुमाल बसणार," मी म्हटलं.

अकराला कंपनीची माणसं आली. दारातच थबकली. एक बाई पुढे झाली आणि मफलर उचलायला तिने हात घातला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "डोंट. दॅट सीट इज टेकन."

"बाय हूम?" तिने विचारलं.

तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या गावच्या बस अड्ड्यावरही रुमाल टाकत असतील, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. साऱ्या कोटवाल्यांत त्या एकट्याला कळलं होतं की हा काय प्रकार आहे. त्याने बॅग खाली ठेवली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग बाकीचेही राहिले.

त्याने ते खांब दाखवलेच नाहीत. मी विचारलं, "मी बोलू?" तो म्हणाला, "प्लीज."

मी खुर्च्यांमधून चालत गेले. हेल्मेट उचललं. सांगितलं की ह्याची बायको रेडिएशनला जाते, तिच्याबरोबर कधी हा असतो, कधी नसतो. गुलाबी हातमोजा उचलला. ह्याच्या हृदयाला जन्मतः भोक होतं, वर्षातून एकदा दाखवायला नेतात, एकदाच. म्हणजे बाकी सगळं वर्ष तो तुमच्या तांबड्या खांबात. रबरी बूट उचलले. ही आजी अजून एकदाही विमानात बसलेली नाही, पण ती म्हणाली की विमान आहे हे माहीत असलं की झोप लागते. मग निळ्या काठाचा रुमाल हातात घेतला. "हा माझ्या नवऱ्याचा. त्याचा एक डोळा तुमचं विमान आलं नाही तेव्हा गेला. वादळ होतं, तुमचा दोष नव्हता. दुसरा गेला तर तो दोष तुमचा असेल. ह्या खुर्च्या रिकाम्या दिसतायत ना तुम्हाला? मग बसा. बसून दाखवा."

कुणी बसलं नाही. त्यांचा पूर्ण वेळ उभ्यानेच गेला. मग शिफ्ट बदलायच्या वेळी लोक धावतपळत आपापल्या वस्तू न्यायला आले, बुटांना बर्फ, अंगाला लाकडाच्या लगद्याचा वास, आणि कंपनीच्या माणसांना दारातच प्रत्येकाशी बोलावं लागलं. म्हणजे शेवटी गावाशी बोलणं झालं एकदाचं.

मी काही युद्ध जिंकले नाही, उगाच फुगवून सांगत नाही. काही आठवड्यांनी मॅनेजरचा फोन आला. रोजची फेरी बंद. आठवड्यातून दोन दिवस विमान येणार, वसंतापर्यंत. पुढचं त्याला सांगता येत नव्हतं. "आंटीजी, इससे ज़्यादा मेरे हाथ में नहीं है," तो म्हणाला. ह्या वेळी मी आंटीला हरकत घेतली नाही.

"वसंतात तुझी पुढची सभा लाव," मी हिंदीत सांगितलं. "मैं रुमाल धोकर लाऊँगी."

तो हसला. मी गंभीर होते, हे त्याला माहीत असावं.

डॉक्टरांनी ह्यांची अपॉइंटमेंट विमानाच्या दिवसाला जुळवून दिली. परवा गेलो. बाहेर उणे पस्तीस, विमानाच्या शिडीची पायरी घसरडी, हे माझ्या खांद्याला धरून चढले. आत आम्ही, एक नर्स, आणि मागे दोन गिरणीवाले. बाकी सगळ्या सीटा मोकळ्या. ह्यांच्या पलीकडची, वाटेच्या दुसऱ्या बाजूची सीट मोकळी बघून मला राहवलं नाही. मी पर्समधून निळ्या काठाचा रुमाल काढला आणि तिच्यावर टाकला.

को-पायलट पट्टे तपासत मागून पुढे आली. आमच्याच गावची पोरगी, माझ्या कॉलेजात शिकून गेलेली. विमान उडताना सुट्टी वस्तू सीटवर ठेवायची नसते, हे मला ठाऊक होतं. ती रुमालापाशी थांबली.

"इज समवन सिटिंग हिअर?"

"नॉट टुडे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मग वाकून त्या सीटचा पट्टा रुमालावरून घेतला, बकल लावलं आणि घट्ट ओढलं.

"काय झालं गं?" ह्यांनी विचारलं. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही पट्टा लावा."